भुलाबाईची गाणी माझ्या पोटात होती

माणसाच्या हातून चूक होते, त्याचं मला काही नाही. पण चूक झाकायला नारळाचं नाव पुढे करावं? प्रफुलनं ते केलं. मी फरशीवर आदळले, आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "काय पडलं जी?" आणि हा गृहस्थ तिथून म्हणतो, "काही नाई, नारळ."

मित्रांनो, इतकी वर्षं या घराची इमानानं सेवा केली आणि शेवटी मी नारळ झाले.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जाम गावच्या चौरस्त्यावर प्रफुलचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या शेजारी, काळ्या डबीत, वायरीला जोडलेली मी. माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेली असत, कारण धुळीचा एक कण माझ्या पोटात गेला असता तर मी जन्मतःच वाया गेले असते. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत ताटल्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी मागेपुढे सरकते आणि लिहिते, वाचते. गंमत अशी की ही दांडी ताटलीला टेकत नाही. अधांतरी चालते. दोघींच्या मधल्या फटीत तुमच्या डोक्यावरचा केसही शिरणार नाही. ती टेकली, की ओरखडा. आणि ओरखडा पडला तिथलं लिहिलेलं गेलं.

शिक्षणाचं विचाराल तर मी अडाणी. मला दोनच गोष्टी कळतात, 'आहे' आणि 'नाही'. लग्न असो, बारसं असो, शाळेचं गॅदरिंग असो, मी सगळं आहे-नाही, आहे-नाही असं मांडून ठेवते. त्याचा अर्थ मला लागत नाही. पण जिथे ठेवलं तिथून काढून देते, हा माझा तोरा होता. समुद्रपूरकडच्या किती नवऱ्या मुली माझ्या पोटात हळद लावून बसल्या आहेत. "बारा गावचे लग्नं हिच्यात हायेत," असं प्रफुल गिऱ्हाइकाला सांगायचा, तेव्हा माझा दिवा जरा जास्तच लुकलुकायचा.

मग घरात एसएसडी आली, नव्या जातीची डिस्क. नव्या सुनेसारखी नाजूक, चपळ, ताटल्या नाहीत, आवाज नाही. कॉम्प्युटर चुटकीसरशी सुरू होऊ लागला आणि सगळे तिचं कौतुक करू लागले. करा बापा. पण एक सांगून ठेवते. ती कुरकुरत नाही आणि दुखणं बोलून दाखवत नाही. जायची वेळ आली की बहुतेकदा मुकाट्यानं जाते. मी निदान खडखडून सांगते तरी.

आता मुद्द्याचं.

प्रफुलची मावशी सखूबाई. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं, आता आमच्याच घरात असते. आमच्याकडे आश्विनात भुलाबाई बसते, हे तुम्हाला ठाऊक असेल. पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, मग डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची असते. कोजागिरीला शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, असा आमच्या गल्लीचा नेम. आणि सगळी गाणी एकट्या सखूबाईलाच येत. एक गाणं तर इतकं लांब, की म्हणता म्हणता दूध आटून जावं. भुलाबाई माहेराला निघते ते परत सासरी पोचते तोवरचा सगळा रस्ता त्यात आहे, नदी-नाले, चिंचेची झाडं, वाटेत भेटणाऱ्या बाया.

औंदा उन्हाळ्यात सखूबाईच्या घशात गाठ निघाली. सेवाग्रामच्या डॉक्टरनं आधीच स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननं जीव वाचेल, आवाज राहणार नाही. सखूबाई म्हणाली, "जीव ठेवा. आवाजानं लय पोट भरलं माह्यं." पण त्याच आठवड्यात माधवीनं, म्हणजे प्रफुलच्या बायकोनं, तिला स्टुडिओत बसवलं, दारं लावली, पंखा बंद केला आणि एकेक करून सगळी गाणी रेकॉर्ड केली. सखूबाई घामाघूम झाली, पण थांबली नाही. ती सगळी गाणी माझ्या पोटात आली; कोजागिरीला ती स्पीकरवर लावायची असं ठरलं.

त्याच संध्याकाळी माधवी नवऱ्याला म्हणाली, "अजी, हे दुसऱ्या डिस्कवर बी टाकून ठेवजा."

"टाकतो न."

पुढे ऑपरेशन झालं. सखूबाई घरी आली ती मुकी होऊन. माधवीनं पुन्हा विचारलं, "कापी झाली काय?"

"झाली," प्रफुल म्हणाला.

झाली नव्हती. मला ठाऊक होतं, कारण कॉपी माझ्यातूनच जायची होती, आणि माझ्यातून काही गेलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळा-कुदळ मांडतो, प्रफुल कॅमेरा, लाइट आणि मला मांडतो. रीत अशी की त्या दिवशी हत्याराला आराम. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. प्रफुलनं मला स्टुलावर लाल कापडावर बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. पण एका गिऱ्हाइकाची लग्नाची फिल्म घाईची होती, म्हणून माझी वायर काही काढली नाही. वर पूजा, खाली काम. ताटल्या फिरतच होत्या. आरतीचं ताट ओवाळताना त्याचं कोपर वायरीत अडकलं आणि मी स्टुलावरून फरशीवर आले.

बंद असते तर कदाचित वाचले असते. फिरती असताना पडले. दांडी ताटलीला टेकली.

आणि मग ते नारळाचं उत्तर.

संध्याकाळी त्यानं मला पुन्हा जोडलं. मी तोंड उघडलं तर टक्. थोडं थांबून, टक्. परत टक्. सखूबाईची अख्खी ठेव माझ्या पोटात आणि माझ्या तोंडातून फक्त टक्. मित्रांनो, तुम्हाला काय सांगू. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घ्यावी आणि मागायला आल्यावर किल्लीच सापडू नये, तसं झालं. लाजेनं मला दिवा लावणंही नको झालं.

प्रफुलनं वायर बदलली. ते बरोबर केलं. पुष्कळदा डिस्क चांगली असते, वायरच गेलेली असते. कॉम्प्युटरची दुसरी खाच पाहिली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. तेही बरोबर. पण डिस्क टकटक करू लागली की तिला विजेपासून तोडायचं आणि हात जोडून बसायचं, हे त्याला ठाऊक असूनही जमलं नाही. दिवसातून कितीदा तरी लावायचा, काढायचा. प्रत्येक खेपेला माझी दांडी त्याच जागी घासायची. एकदा कॉम्प्युटरनं विचारलं, ही डिस्क फॉर्मॅट करू का? म्हणजे पुसून नवी करू का? प्रफुलचा हात 'हो'वर गेला. माझ्या ताटल्या गार पडल्या. मग त्यानं हात मागे घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला.

माधवीनं जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही. मावशी पलीकडच्या खोलीतून ताट वाजवून बोलवायची, तर हा दुकानातच. तिच्या डोळ्याला डोळा भिडवेना. तिला वाटलं, पोराच्या अंगात ताप आहे. तिनं काढा करून पाठवला. तो काढा त्यानं माझ्यासमोर बसून प्याला.

मग मोबाईलवर कुणी अतिशहाणा सांगत होता की बंद पडलेली डिस्क थंड केली की चालते. झालं. कोजागिरीच्या सकाळी प्रफुलनं मला प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारांशेजारी कोंबलं. असं कधी करू नका. थंडीतून बाहेर काढलं की आत दव धरतं, आणि पाणी हा माझा काळ.

दुपारी माधवीनं कोजागिरीच्या दुधासाठी काहीतरी काढायला तो कप्पा उघडला.

"अजी," ती शांतपणे म्हणाली, "हे काय हाय?"

प्रफुल दारात उभा होता. "डिस्क."

"दिसते मले. मटाराच्या बाजूले काऊन हाय?"

तो दारातून आत आला.

"मावशीचे गाणे हिच्यात हायेत न?"

"हो."

"अन् दुसरी कापी?"

प्रफुलनं मान आडवी हलवली.

"तुम्ही तं म्हनले होते झाली म्हणून."

"नाई केली," तो म्हणाला. "अन् दसऱ्याले नारळ नाई पडलता."

माधवी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "मले नका सांगू. तिले सांगा. पोरी येऊन राह्यल्या संध्याकाळी, तिनं स्पीकर बी पुसून ठेवला."

तो मला घेऊन मावशीच्या खोलीत गेला. सखूबाई भिंतीला टेकून टिपऱ्यांना गोंडे बांधत होती. प्रफुल तिच्यापुढे खाली बसला आणि सगळं सांगितलं. "तुहा आवाज माह्या हातानं गेला, मावशी," एवढं शेवटी म्हणाला.

सखूबाईनं टॉवेल उघडून माझ्याकडे पाहिलं. अंगठ्यानं माझ्यावरचं सुकलेलं कुंकू पुसलं. मित्रांनो, शिव्या खाल्ल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या, तो अंगठा मला सहन झाला नाही. मग तिनं एक टिपरी उचलली आणि प्रफुलच्या डोक्यात हाणली. हळू नाही. आणि दुसरी जोडी त्याच्या हातात दिली.

त्याला कळलं. "मावशी, मी? पोरींमंधी?"

तिनं मान डोलावली.

लहानपणी हा खिरापतीच्या लोभानं रोज पोरींच्या मागे बसायचा. ते तिच्या लक्षात होतं, तो विसरला होता. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमल्या. दरवर्षी सणाला येणारी माधवीच्या भावाची मुलगी खुशी सगळ्यांत पुढे; आत्याच्या नवऱ्याला ती मामाजी म्हणते. तिनं विचारलं, "मामाजी, स्पीकर कुठं हाय?"

"मीच स्पीकर हाय आज," प्रफुल म्हणाला.

पोरी खोखो हसल्या. पिळदार मिशांचा माणूस टिपऱ्या घेऊन भुलाबाईसमोर उभा. त्यानं घसा खाकरला आणि सुरू केलं. पहिलं गाणं बरोबर, दुसरंही. तिसऱ्यात चुकला, तर सखूबाईनं टिपरी जमिनीवर आपटली. परत म्हटलं. परत आपटली. खुशी म्हणाली, "मामाजी, अदुगर सासरा येते, मंग दीर." अशी गाणी पुढे सरकली. माधवी मोबाईलवर टिपत होती. प्रफुलचा गळा काही गाण्याचा नाही, पण शब्द कुठून कुठून वर येत होते, त्याचा त्यालाच अचंबा वाटत होता.

मग ते लांब गाणं आलं. भुलाबाई माहेरी पोचली, चार दिवस राहिली, परत निघाली, नदीपर्यंत आली. आणि प्रफुल थांबला. नदीच्या पुढचं त्याला येत नव्हतं. लहानपणी तिथवर येईतो तो झोपून जात असे. सखूबाईला लिहिता येत नाही; ती ओठ हलवत राहिली, पुन्हा पुन्हा, हातांनी पाण्याची खूण करत. कुणालाच वाचता आलं नाही. पोरींनी टिपऱ्या खाली ठेवल्या. भुलाबाई नदीच्या अलीकडेच राहिली.

नंतर प्रफुल मला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या कारागिरानं धूळ नसलेल्या खोलीत माझं पोट उघडलं, दुसऱ्या एका मेलेल्या डिस्कची दांडी मला बसवली आणि निघेल तेवढं काढलं. जवळजवळ सगळी गाणी आली. सखूबाईचा आवाज स्पीकरवर लावला तेव्हा सखूबाई स्वतः कान देऊन ऐकत बसली, एखाद्या परक्या बाईचं ऐकावं तशी. पण ओरखडा जिथे होता तिथे त्या लांब गाण्याचं शेपूट होतं. ते आलं नाही. नदीनंतर नुसती खरखर.

आता मी स्टुडिओतल्या फळीवर आहे, पोट उघडून शिवलेली, कामातून उठलेली. माझ्या जागी दोन नव्या डिस्क आल्या. एक इथे, आणि तीच गाणी ठेवलेली दुसरी माधवीच्या माहेरी, हिंगणघाटला. तुम्हीही तसंच करा, मित्रांनो. आमच्यापैकी कुणीच अमर नाही. जुनी असो की नवी, आमच्या एकीवर कधी विश्वास टाकू नका. दोघींवर टाका आणि दोघींना एका घरात ठेवू नका. फिरत असताना आम्हाला हलवू नका. टकटक ऐकू आली की बंद करा, आणि चुकलं असेल तर त्याच घटकेला सांगा. जितका उशीर, तितका ओरखडा मोठा.

काल प्रफुल फळीपाशी आला. मला हातात घेऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माफ कर." माझ्यात वीज नाही, टकटक करण्याचंही बळ नाही. पण बोलायचं ते मी बोललेच, तोंडावर. त्याला ऐकू गेलं असेल तर त्याचं नशीब.

"प्रफुल, ऐक. तू मले पाडलं, त्याचा मले राग नाई. वस्तू हातातून पडतच असतात, तुह्या मावशीच्या हातून बी पाण्याचे किती गडवे पडले असतील. ते गाणं माह्या पडण्यानं गेलं नाई. न केलेल्या कामाले तू 'झालं' म्हनलं, त्याच दिवशी ते गेलं. तेवढा दोष तुहा, अन् तो मी कोणाले वाटून देत नाई. पण आता माह्यापाशी येऊन रडू नको. मी रिकामी आहे. जिच्याजवळ ते गाणं अजून आहे, ती बाजूच्या खोलीत बसून आहे. तिच्यासमोर बस, तिचे ओठ पाह्य, अन् भुलाबाईले नदी पार करून दे. ती मान डोलावत नाई तोवर उठू नको."