राखेतल्या पावल्या

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात सिंधूचं भज्यांचं पाल असायचं. एका हातानं घाणा काढायचा, दुसऱ्या हातानं पैसे घ्यायचे आणि आलेली पावली शेजारच्या दगडावर टाकायची. लोकांना वाटायचं, बाई खोटं नाणं पारखते आहे. पण सिंधू चांदी शोधत असे.

निकेलची पावली दगडावर पडली की कोरडी वाजून गप्प व्हायची. राजाच्या वेळची चांदीची असली तर तिचा आवाज मागे रेंगाळायचा. मग उलटून पाहायचं. मागं वाघ असला तर ती निकेलची, सोडून द्यायची, वेलबुट्टी असली तर कनवटीला. दाढीवाला राजा सगळ्यांत चांगला, बिनदाढीच्यात निम्मीच चांदी. हे सगळं तिला लहानपणी आईनं, पार्वतीबाईनं, जात्याच्या पाळीवर नाणी वाजवून शिकवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात घराघरांतली जुनी नाणी बाहेर पडली होती, ती पुढं दोन-तीन वर्षं बाजारात फिरत राहिली. म्हाताऱ्या बायका चंचीतून पावली काढून द्यायच्या. सिंधू त्यांच्या कागदात दोन भजी जास्त टाकायची आणि पावली उचलायची.

त्याच दुष्काळात तिची माळ गेली होती. चांदीच्या चवल्या-पावल्यांना कड्या डागून केलेली, लग्नात आईनं घातलेली. बैलांच्या कडब्यासाठी नवऱ्यानं, बबनरावांनी, ती मोडली. तेव्हापासून चार बायकांत बसलं की हात आपोआप मोकळ्या गळ्याकडं जाई. ती माळ तिला पुन्हा घडवायची होती.

चांदी सासरी ठेवावी तर बबनरावांना पत्त्यांचा नाद. म्हणून ती माहेरी, राहू गावाला, जाई तेव्हा साठलेल्या पावल्या आईजवळ देई. आई त्या राख लावलेल्या मटकीच्या गाडग्यात तळाशी ठेवी. चांगदेवदादाला नाही, वहिनीला नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माझ्या जिवात जीव हाय तवर कुणी हात लावायचं न्हाई," आई म्हणायची.

पुरेशा पावल्या साठल्या त्या साली भाऊबीजेला सिंधू माळ करायचं ठरवूनच आली. दौंडच्या सोनाराशी बोलणं झालं होतं. वहिनी ओवाळणीचं ताट करत होती, दादा पाटावर बसायच्या तयारीत होता. सिंधूनं चूलखोलीत जाऊन गाडगं उपडं केलं. मटकी, राख आणि मागोमाग पावल्या जात्यावर पडल्या.

एकीचाही आवाज मागे राहिला नाही.

तिनं एक उचलली. वाघ. दुसरी उचलली. वाघ. मग ती उलटून बघायची थांबली.

दारात चांगदेव येऊन उभा होता. "मोजून घे," तो म्हणाला. "एक बी कमी न्हाई."

"दादा, माझी चांदी कुठं हाय?"

"हिरीवर मोटार बसवली. उसाला पाणी नको व्हय? भाव चढला व्हता चांदीचा."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर दिली असतीस?" तो हसला. "आन् तू बाजारात काय करतीस गं? म्हातारीची चांदी निकेलच्या भावानं घ्यायची. पावलीला पावली. तेच केलं मी."

"त्या बायका माझ्या कोण व्हत्या?" सिंधू म्हणाली. "मी तर तुझी भन हाय."

मग तिच्या ध्यानात आलं ते वेगळंच. गाडगं उतरंडीत सगळ्यांत खाली होतं. अशा उतरंडी तिथं ओळीनं होत्या. बाकीच्या कशालाच हात लागलेला नव्हता. राखही मटकीला पुन्हा नीट चोळलेली होती.

तिनं आईकडं पाहिलं. पार्वतीबाई चुलीपाशी वाती वळत बसली होती.

"आये?"

"मीच दिल्या काढून," आई म्हणाली. मान वर केली नाही. "तुला वाईट वाटाया नको म्हणून तेवढ्याच भरून ठेवल्या. मी त्याच्या दारात हाय, सिंधू. उद्या मला भाकरी तोच घालणार. तू काय, पावण्यासारखी येणार आन् जाणार."

"मग मला सांगायचंस."

"काय सांगायचं? उठ, ओवाळ त्याला. दिवा इझंल."

सिंधू उठली. भाऊबीजेला भावाला न ओवाळता सोडत नाहीत. तिनं कुंकू लावलं, ताट ओवाळलं. चांगदेवनं ताटात पाचाची नोट टाकली. ती तिनं वहिनीच्या पोरीच्या हातात दिली. पावल्या जात्यावर तशाच पडू दिल्या आणि दुपारच्या एसटीनं तळेगाव गाठलं.

माळ पुढं झाली नाही. पार्वतीबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. सिंधू दर दिवाळीला जायची, आईचं डोकं चोळून द्यायची, लुगडं न्यायची. पण आईजवळ तिनं पुन्हा काही ठेवलं नाही. बबनराव वर्षभर घर सोडून गेले, तेही तिनं शेजारच्या जाईबाईला सांगितलं, आईला नाही.

"कसं चाललंय गं?" आई विचारायची.

"बरं चाललंय," सिंधू म्हणायची आणि तिच्या केसांत तेल जिरवत राहायची.