शिडाची घडी

एलादिओ ब्वेनोस आयर्सला गेला तेव्हा मुलगी साबेला त्याच्या बायकोच्या, बालबिनाच्या पोटात होती. तो परत आला तेव्हा साबेला सान्तियागोच्या विद्यापीठात लॅटिन शिकत होती आणि बालबिनाचे निम्मे केस पिकले होते. धक्क्यावर उतरून "आलो" म्हणाला तेही स्पॅनिशमध्ये, घरच्या गालिसियन बोलीत नाही. बालबिनाला ते खटकलं. पण माणूस तर डोळ्यांसमोर उभा होता.

महिना गेला तरी त्याने ट्रंक रिकामी केली नाही. सदरा त्यातूनच काढायचा, धुतला की त्यातच ठेवायचा. कोबीच्या पानांचं सूप पुढ्यात आलं की तिकडचं मांस, तिकडच्या ट्रॅमगाड्या यांच्याच गोष्टी. तो नव्हता त्या सगळ्या वर्षांत बालबिना दर वसंतात पाइनची साल उकळून त्याच्या होडीचं शीड रंगवत आली होती, कुजू नये म्हणून. होडीची त्याने चौकशीसुद्धा केली नाही. तो घरात बसलेला असताना तिला त्याची जितकी आठवण यायची, तितकी तो समुद्रापार असताना कधी आली नव्हती.

ईस्टरला साबेला घरी आली. जेवताना म्हणाली, आपलं 'चेगार' आणि स्पॅनिश 'येगार', दोन्ही म्हणजे पोचणं, आणि दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत. त्याचा अर्थ होता घडी घालणं. बंदराला लागलं की खलाशी शीड उतरवून घडी घालायचे, त्यावरून, असं म्हणतात.

एलादिओ हसला. हे शिकायला सान्तियागोला जावं लागतं होय, म्हणाला.

बालबिना हसली नाही. "खरंच आहे की. शीड उघडं असेल तर होडी धक्क्याला लागली तरी आलेली नसते. वारा सुटला की निघाली."

दुसऱ्या दिवशी तिने हट्टाने होडी काढायला लावली. सुकाणूवर त्याचे हात काही विसरले नव्हते. वाऱ्यात तो गुणगुणायला लागला आणि तिला घटकाभर आपला जुना नवरा दिसला. परतल्यावर शीड उतरवलं. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. पण तो पश्चिमेकडे बघत तसाच उभा.

"एलादिओ, तू आलायस का?"

"तिकडे होतो तेव्हा रोज मनाने इथे यायचो. आता इथे आहे, तर तिकडची गल्ली दिसते. मी कुठंच पोचत नाही गं."

"कोणी आहे तिकडे?"

"नाही."

असती तर बरं झालं असतं, तिच्या मनात आलं. भांडता तरी आलं असतं.

"चेगा," ती म्हणाली. त्यांच्या बोलीत 'चेगा' म्हणजे 'येतोय', आणि 'चेगा' म्हणजे 'पुरे'सुद्धा. आजवर समुद्राकडे बघत तिने तो शब्द पहिल्या अर्थानेच उच्चारला होता. शिडाची घडी तिने एकटीनेच घातली.

उन्हाळा सरता सरता तो पुन्हा तिकडे निघाला. तूही चल, असं त्याने मनापासून विचारलं होतं. तिनेही दोन दिवस मनापासून विचार केला आणि नाही म्हणाली. वीगोच्या बंदरापर्यंत मात्र गेली. पहिल्या वेळी पोटुशी म्हणून कुणी जाऊ दिलं नव्हतं. या खेपेला गर्दीत पुढे घुसून उभी राहिली आणि तो बोटीच्या कठड्याशी दिसत होता तोवर हात हलवत राहिली. परतीच्या बसमध्ये समुद्राच्या बाजूची खिडकी रिकामी होती. तिथे जाऊन बसली, आणि पहिल्यांदाच कुणाची वाट न बघता समुद्र बघितला.