ओरिजिनल कपाटात

यादवने कार्ड झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवलं आणि दुकानदाराला झाकण हळू टेकवायला सांगितलं. कलर, दोन्ही बाजूंनी, जाड कागदावर. दुकानदार म्हणाला, काका, हे तर क्रिकेटचं कार्ड, लहान मुलं खेळतात तसलं. यादवने नुसतं "असू द्या" म्हटलं. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तो बावीस वर्षांपासून स्टोअरकीपर होता. कोणता कागद किती मोलाचा हे त्याला झेरॉक्सवाल्याकडून शिकायचं नव्हतं.

कार्ड त्याच्या मुलीचं, आरोहीचं. पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी दिवाळीला घरी आली, कॉलेज रोडवरच्या दुकानात कार्डांचं एक पाकीट फोडलं आणि तिथेच मटकन खाली बसली. आत निघालेल्या कार्डावर लिहिलं होतं, की हे कार्ड एकतीस जानेवारीच्या आत कंपनीकडे पोचवा, बदल्यात सही केलेलं कार्ड मिळेल. सही ज्या लेगस्पिनर बाईंची होती, त्यांचे व्हिडिओ बघून बघूनच आरोही कॉलनीच्या गल्लीत चेंडू वळवायला शिकली होती. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. अशी कार्डं सगळी मिळून पंचवीस. पुण्यातला एकजण चाळीस हजार द्यायला निघाला, तर हिने त्याचा नंबरच ब्लॉक केला.

हॉस्टेलच्या कपाटाला धड कडी नाही, म्हणून पाठवायचं काम वडिलांवर आलं. निघण्याआधी तिने सगळं टेबलावर मांडून दाखवलं. कार्ड आधी मऊ पिशवीत, मग कडक प्लास्टिकच्या कव्हरात, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, त्यावर बबलचं पाकीट. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री लावावी लागत नाही आणि कार्ड कापलं जात नाही. बाहेर फक्त पत्ता. आत काय आहे त्याचा एक शब्दही नाही. स्पीड पोस्टने, विमा काढून. यादवने सगळं वहीत लिहून घेतलं. माल कसा पॅक करायचा हे पोरीने बापाला शिकवावं, याची त्याला गंमत वाटली आणि अभिमानही वाटला.

पण यादवचं एक होतं. ओरिजिनल हातातून सोडायचं नाही म्हणजे नाही. विसाव्या वर्षी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती. तेव्हा तो गावी, हरसूलला, तापाने पडला होता, म्हणून तिकडे निघालेल्या भिका नावाच्या ओळखीच्या माणसाकडे त्याने आपली ओरिजिनल सर्टिफिकेटं दिली, आणि भिका पिशवी जीपमध्येच विसरून उतरला. डुप्लिकेट हातात येईपर्यंत तारीख उलटून गेली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि ओरिजिनल कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये. शाळा असो, बँक असो, गॅसवाला असो, यादव आधी झेरॉक्सच पुढे करायचा. बहुतेक ठिकाणी चालूनही जायचं.

तर त्याने झेरॉक्स कार्डाच्या मापाने पट्टी लावून कापली. मागे बारीक अक्षरात 'सत्यप्रत' लिहून सही केली, तारीख टाकली. मग आरोहीने सांगितलं होतं अगदी तसं मऊ पिशवीत, कव्हरात, पुठ्ठ्यात घालून ती झेरॉक्स पोस्टाने रवाना केली. खरं कार्ड निळ्या फाइलमध्ये, आरोहीच्या दहावीच्या मार्कशीटमागे गेलं. बायकोने, आशाने, विचारलंसुद्धा, की कार्डच पाठवायचं होतं ना? तो म्हणाला, नाही पटलं तर मागतील, मग देऊ. आपलं आपल्या हातात तरी राहतं. आरोहीला त्याने एवढंच कळवलं, की पाठवलं. हे काही खोटं नाही, असं त्याला तेव्हा वाटलं.

कंपनीने उत्तर द्यायला जवळजवळ तीन महिने घेतले. अठ्ठावीस जानेवारीला दुपारी यादव स्टोअरमध्ये बेअरिंगचे खोके फळीवर लावत होता, तेवढ्यात आरोहीचा फोन आला. कंपनीने तिला मेल केली होती. प्रत चालत नाही, मूळ कार्ड एकतीस तारखेच्या आत आमच्या पत्त्यावर पोचलं पाहिजे.

"बाबा, कार्ड कुठंय?"

"कपाटात. एकदम सेफ."

पलीकडे हॉस्टेलच्या जिन्यावरून कुणीतरी हसत खाली उतरलं.

"पोस्टावर भरवसा नव्हता, तर मला सांगायचं होतं," आरोही म्हणाली. "तुमचा माझ्यावरच नव्हता."

यादवला भिका आठवला. भिका निदान विसरला होता. आपण तर सगळं शुद्धीत, पट्टी लावून केलं. त्याची त्यालाच लाज वाटली. कसंबसं तो म्हणाला, की पत्ता भिवंडीचा आहे, उद्या मी स्वतः नेऊन देतो. आरोहीने सांगितलं, की ते हातोहात घेत नाहीत, नियमात तसं लिहिलंय. बघू, तिथंही माणसंच असतात ना, असं यादव म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. उरलेली पॅकिंगची सामग्री पिशवीत घेतली. कार्ड शर्टाच्या खिशात, वर स्वेटर, आणि घाट उतरेपर्यंत एक हात छातीवर. एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलंच, की छातीत दुखतंय का.

भिवंडीबाहेर गोडाऊनांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्यातलं कंपनीचं फाटक सापडेपर्यंत दीड वाजला. वॉचमनच्या खिशावर निसार असं नाव होतं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हाताने आलेलं काही घ्यायचं नाही असा वरून हुकूम आहे. यादवने विनवून पाहिलं. आपण साधासुधा माणूस नाही हे पटावं म्हणून कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, तेही सवयीने झेरॉक्स. निसारला हसू आलं, पण त्याने ते लगेच आवरलं.

"काका, पोस्ट ऑफिस इथून दोन किलोमीटरवर आहे," तो म्हणाला. "आज टाका. उद्या ते माझ्याच हातात येईल."

सव्वाशे किलोमीटर छातीशी धरून आणलेलं कार्ड शेवटी पोस्टाच्या खिडकीतच द्यायचं होतं. यादव रिक्षाने पोस्टात गेला. तिथल्या टेबलावर सामान मांडलं, मोबाइल शाईच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि आरोहीला व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला. यादवने कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, पुढून, मागून. मग मऊ पिशवी, कडक कव्हर, पुठ्ठे. त्याच्या हाताला घाम सुटला होता, तो मधेमधे पँटला पुसत होता. चिकटपट्टी लावता लावता तो खाली बघूनच म्हणाला,

"चुकलं माझं, आरू."

"टोक दुमडा," आरोही म्हणाली.

त्याने टोक दुमडलं. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, विम्याचं विचारलं, पावती फाडून दिली आणि मागे न बघता पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं. यादवचा हात खिडकीतच राहिला होता. बाईंनी विचारलं, आणखी काही आहे का? तो नाही म्हणाला. पावतीचा फोटो आरोहीला पाठवला, तिचं 'ओके' आलं. व्हिडिओ कॉल तिने त्याआधीच बंद केला होता.

नाशिकची एसटी साडेचारला होती. यादवने ती जाऊ दिली. आशाला कळवलं, की उद्या येतो, आणि एसटी स्टँडच्या बाकावर जागा धरली. सकाळी आठला तो कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर हजर. त्याला पोस्टावर काही संशय नव्हता. पण घरी गेला असता तरी त्याला चैन पडलं नसतं. निसारने त्याला पाहिलं, कपाळावर आठ्या आणल्या, मग मान हलवून आपल्या खुर्चीवर बसला. यादवचे चार चहा झाले.

अकराच्या सुमारास पोस्टमनची मोटारसायकल फाटकाशी थांबली. त्याने गठ्ठा सोडून निसारपुढे सहा-सात पाकिटं ठेवली. निसारने एकेकासाठी सही केली. मग त्यातलं बबलचं पाकीट तेवढं उचललं आणि रस्त्यापलीकडून यादवला दिसेल असं वर धरलं. यादवने हात जोडले. निसार पाकिटं घेऊन आत गेला.

यादवने पोरीला फोन लावला.

"पोचलं. सही झाली."

"ट्रॅकिंगला तर अजून काही दिसत नाहीये," आरोही म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पाहिलं ना. गेटसमोरच बसलोय."

"भिवंडीत? कालपासून?"

"मग काय."

यादव उठून टपरीच्या बाजूला उभा राहिला, ट्रक जात होते त्यामुळे नीट ऐकू येईना. त्याने दुसरा कान बोटाने बंद केला.

"बाबा," तिचा आवाज जरा बसलेला वाटला. "काल जेवलात का?"

"जेवलो की," यादव म्हणाला, आणि टपरीवाल्याला खुणेने दोन वडापाव मागितले.