तीर्थातली भुकटी

साळूबाईनं पाठमोरी होऊन कॅप्सूल पिळून उघडली. केशरी भुकटी पंचपात्रातल्या पाण्यात पडली, तुळशीच्या पानाभोवती जराशी फिरली आणि विरून गेली.

"आवं, तीर्थ घ्या. एस्टी चुकंल."

ज्ञानू खांद्यावरचा टॉवेल सावरत देवघरापाशी आला. उजवा तळवा द्रोणासारखा करून त्यानं पुढं धरला. पळीभर पाणी प्यायला, गिळताना मान किंचित आखडली, मग ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थाला नाही म्हणायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. त्या नेमाच्या भरवशावरच साळूबाईनं हा बेत रचला होता.

ज्ञानूचं आयुष्य गेलं कीर्तनकारांच्या मागं उभं राहण्यात. आष्ट्याच्या आसपास कुठंही सप्ताह बसला, की उसाला पाणी पाजून हा टाळ घेऊन हजर. पुढं महाराज रंगात यायचे, आणि त्यांचा श्वास जिथं संपेल तिथून ज्ञानू ध्रुपद अलगद उचलायचा. लोकांना महाराजांची नावं पाठ होती. मागच्या रांगेतला हा गोड गळा कुणाचा, असं कुणी विचारलं नाही, आणि ज्ञानूलाही त्याचं कधी काही वाटलं नाही. आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती, आणि सांगलीच्या दवाखान्यात किरणं चालू होती.

कॅप्सुला आणल्या होत्या चुलतदीर लालासाहेबानं. मिलिटरीतून रिटायर होऊन तो आता असली औषधं विकत फिरायचा. "वैनी, अँटिऑक्सिडंट हाय ह्ये. किरणांनी पेशी जळत्यात, त्यास्नी ह्ये बुलेटप्रूफ जाकीट समजा."

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, किरणं संपेपर्यंत असलं काही घ्यायचं नाही. ज्ञानूनं निमूट बाटली कपाटावर ठेवून दिली. साळूबाईनं ती खाली काढली. वाचवणाऱ्या गोष्टीला डॉक्टर नको का म्हणतो, हे तिला काही केल्या उमजत नव्हतं.

त्या दिवशी सांगलीत ज्ञानू आत कपडे बदलत होता, तेवढ्यात साळूबाईनं किरणांचं मशीन चालवणाऱ्या उत्कर्षाला गाठलं. पोरगी हसतमुख होती, रोज काहीबाही विचारलं तरी कंटाळायची नाही.

"पोरी, ही किरणं दिसत तर न्हाईत. मग गाठीला मारत्यात कशी?"

"पेशीत पाणी असतं ना मावशी, त्यातून ठिणग्यांसारखे कण उठतात. ते गाठीला जाळतात."

"आन त्या अँटीच्या गोळ्या?"

"त्या ठिणग्या विझवतात."

"मग बरंच की. आपल्या चांगल्या पेशी वाचल्या."

"हो, पण गाठीतल्याही वाचल्या तर?"

साळूबाई थबकली. "गोळीला वळखू येत न्हाई व्हय, आपली कोंची आन वैऱ्याची कोंची?"

"त्याचाच अजून अभ्यास चाललाय. पक्कं कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर बंद ठेवतात. जेवणातली फळं, भाजी चालते."

साळूबाईच्या डोळ्यांपुढं उसाची सरी आली. हरळीवर तणनाशक मारत ज्ञानू पुढं चाललाय, आणि मागून ती घागर घेऊन एकेक पान धूत निघालीय.

"म्या त्यास्नी ती भुकटी तीर्थातनं देत हुते," ती हळूच म्हणाली.

उत्कर्षा रागावली नाही. तिनं तिला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आजपासून बंद करा म्हणाले. नुकसान किती झालं, किंवा झालं का, हे त्यांनाही सांगता येईना. परतीच्या एस्टीत ज्ञानू खिडकीला डोकं टेकून झोपला होता. साळूबाई त्याच्या गळ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पंचपात्रात नुसतं पाणी आणि तुळस होती. ज्ञानू प्यायला. मान आखडली नाही.

"आज भाजलं न्हाई," तो बसक्या आवाजात म्हणाला.

पळी तिच्या हातात तशीच राहिली. "तुमास्नी ठावं हुतं?"

"तोंड आलंय माजं, अक्कल न्हाई गेली. तीर्थ आंबट कवापासनं झालं?"

"मग पीत कशाला हुता?"

"देवाफुडं उभं ऱ्हाऊन देत हुतीस. न्हाई कसं म्हनू?"

मग तिनं सगळं सांगितलं. ठिणग्या, गाठ, कुणालाच पक्कं ठाऊक नसणं. ज्ञानूनं ऐकलं, मान डोलावली. "डागदरला ठावं न्हाई, तर तुला कुटनं असनार, येडे?"

त्यानं खुंटीवरचे टाळ काढले. किरणं सुरू झाल्यापासून ते तिथंच होते. देवापुढं उभा राहून त्यानं हलकेच ठेका धरला, अभंगाला तोंड फोडलं. पहिला शब्द खरखरत निघाला, दुसऱ्याला नुसते ओठ हलले. टाळ मात्र वाजत राहिले.

साळूबाईनं पळी खाली ठेवली. पदर सावरला, ज्ञानूच्या एक पाऊल मागं जाऊन उभी राहिली, आणि त्याचा श्वास जिथं संपला होता तिथून तिनं ध्रुपद उचललं.