तानीचा राब

माझी आई तानी सही करायला तयार नव्हती. जंगलाचा गार्ड आत्माराम तिच्यासमोर कागद धरून घाम पुसत उभा होता. "तेजल, तू शिकलेली," तो मला म्हणाला, "तूच समजाव हिला."

मी बोईसरला औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथे सुपरवायझरने कागद पुढे केला की मी मुकाट्याने सही करते. राब भाजायला म्हणून एक दिवसाची रजा काढून पाड्यावर आले, तर इथेही कागद हजर! मी मोठ्याने वाचला. 'गेल्या वर्षी माझ्या राबाच्या राखेमुळे डोहातील मासे मेले, हे मला मान्य आहे. यापुढे मी राब भाजणार नाही.'

माझं डोकंच फिरलं. राब म्हणजे काय आमची चैन आहे? भाताची रोपं करायच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरायचा, वरून माती टाकायची आणि हळूहळू भाजायचं. तणाचं बी मरतं, माती मोकळी होते. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. मग आईबाबांनी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचं.

मासे मेले होते, हे खरं. गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात डोहाचं पाणी काळं झालं आणि बोटभर मुऱ्या पोट वर करून तरंगल्या. पण त्याआधी मार्चमध्ये कुणा शेठच्या माणसांनी प्लॉट साफ करायला गवताला काडी लावली होती, तीही भर दुपारच्या वाऱ्यात. डोंगर तीन दिवस जळत होता. त्याचा कागद कुठेच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"चला," आई आत्मारामला म्हणाली. "डोलं दिलं हायत ना देवानं?"

"मावशी, ऊन बघा किती!"

"मासंबी उन्हातच हायत."

बांधावर बसलेले बाबा हसले. "सुंब जलला तरी पील जायाचा नाय हिचा. जा भाऊ, जा."

आमच्या डोहाला दोन ओहोळ मिळतात. आई आधी जळलेल्या डोंगरावरून येणाऱ्या ओहोळात उतरली. काठची झाडं गेलेली, पाणी उन्हाने कोमट झालेलं. तिने दगड उचलला, खाली काळा गाळ. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळीकडे तोच गाळ.

"मुरी गोट्यांच्या फटीत अंडी घालते," ती म्हणाली. "आता कुटं घालंल? डोंगराला झाड नाय रायलं, गवत नाय रायलं. आदी राख आली, मागून माती आली."

मग ती आमच्या वाफ्यांवरून येणाऱ्या ओहोळाकडे वळली. वाफ्यांना बांध आहेत, त्यामुळे राख आतच मुरते. शिवाय ओहोळालगतची दहा पावलं आमच्याकडे कुणी जाळत नाही, आजोबांच्याही आधीपासून. करंजाच्या सावलीत पाणी गार होतं. तिने पहिलाच दगड उचलला आणि खेकडा तिरका पळाला. आईने तो धरून आत्मारामच्या तळहातावर ठेवला. खेकड्याने त्याचं बोट चांगलंच धरलं. मला हसू आवरलं नाही.

"मला दिसतंय गं सगळं," तो बोट चोळत मला म्हणाला. "पण कागद वरून आलाय."

तेव्हा मला कारखान्यात केलेल्या माझ्या सगळ्या सह्या आठवल्या आणि लाज वाटली. मी त्याच्या खिशातलं पेन काढलं, दोन्ही वाक्यांवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'डोंगर शेठच्या माणसांनी जाळला. त्या राखेने आणि मातीने मासे मेले. मी राब भाजते आणि भाजणार.' आईला वाचून दाखवलं. तिने एकेक अक्षर कोरत सही केली.

"आता साक्षीला तुमी करा," ती आत्मारामला म्हणाली. "खेकडा तुमाला चावला हाय."

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"आनि माजा भात गेला तर?"

त्याने पेन परत घेऊन खिशाला लावलं. आईने कागदाची घडी घालून त्याच्या खिशात कोंबली, वाफ्यावर परत आली आणि आग हळूहळू सरकावी म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाने राबाला काडी लावली.

"अहो मावशी! मी इथे उभा असताना?"

आईने करंजाची एक डहाळी मोडली, ओहोळात भिजवली आणि त्याच्या हातात दिली. "डोंगर जलत होता तवा तुमी नवतात. आज उबे रावा. इस्तू गवताकडं आला का झोडपायचा."

आत्मारामने एकदा रस्त्यावरच्या आपल्या बाइककडे पाहिलं. मग डहाळी घेऊन तो ओहोळाच्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि राब पुरता विझेपर्यंत तिथून हलला नाही.