पाचोळ्याचा घास

घरात जितके जीव आहेत, त्या सगळ्यांच्या पोटात काही गेल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम, आणि त्याचा कुणाला कधी जाच झाला नव्हता. घरात माणसं तीनच, मी, हे आणि सासूबाई. शिवाय यांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले पट्टेरी मासे. ते इतके खादाड की खाण्याचा डबा नुसता वाजला तरी वर येऊन तोंडं उघडतात. त्यांचं झालं की मी माझं ताट वाढून घ्यायची.

मग एक दिवस पाचोळा आला.

हे शिंपी. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी मशीन, मधे कापड बेतायचं टेबल आणि समोरच्या भिंतीशी टँक, म्हणजे शिवताना मान वर केली की मासे दिसावेत. पण इतकी वर्षं यांचा जीव अडकला होता तो एका वेगळ्याच माशात. पाठीवर विषारी काटे असलेला, दिसायला थेट वाळकं पान, असा तो समुद्रातला मासा. त्याच्यासाठी यांनी आधीच एक छोटा टँक वेगळा करून ठेवला होता. मिठाचं पाणी जमवलं, वाळू धुतली, दगड मांडले, आणि महिनोन्‌महिने रिकाम्या टँककडे बघत बसले. शेवटी माशांच्या दुकानदाराचा निरोप आला, आणि हे ती पाण्याची पिशवी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घरी आले.

सासूबाईंनी चष्मा लावून पिशवीत पाहिलं आणि विचारलं, की पैसे मोजून पाचोळा कशाला आणलास? तेच त्याचं नाव पडलं. तो विषारी आहे हे ऐकूनही त्या जराही दचकल्या नाहीत. आपल्या चुलत जावांसोबत एका स्वयंपाकघरात दहा वर्षं काढलेल्या बाईला माशाचं काय भय, असं म्हणून त्या वाती वळायला बसल्या.

यांनी मात्र सक्त ताकीद दिली. टँकमध्ये कुणी हात घालायचा नाही, जे काही करायचं ते लांब काडीनं. शेजारी गरम पाण्याचा थर्मास कायम भरलेला. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा.

पाचोळा मोठा गोड होता. पंपाच्या पाण्याबरोबर डुलायचा, वाऱ्यावर पान हलावं तसा. फक्त खात नव्हता.

हलतं ते जिवंत आणि जिवंत तेच खायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून हे काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून त्याच्यापुढे हलवायचे. पण हात पडला शिंप्याचा. काडी मशीनच्या सुईसारखी थडथडायची आणि पाचोळा अंग चोरून दगडामागे जायचा.

"अरे, मासा आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "काजं करायची नाहीयेत त्याला."

त्या दिवशी मी दुधावर भागवलं. दुसऱ्या दिवशी यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मला पटवायला सुरुवात केली, की तो अजून घरचा कुठे झालाय, तो तर पाहुणा. मी हळूच म्हटलं, "पाहुण्याला तर आधी वाढतात." यावर सासूबाई पदराआड हसल्या.

दुकानदाराने सांगितलं, जिवंत कोळंबी द्या. हे माझ्यापाशी आले ते लाजत, परवानगी मागितल्यासारखे. मी म्हटलं, ज्याचा जो आहार देवाने ठरवला, त्यात मी कोण आडवी येणार. मग नखाएवढ्या जिवंत कोळंब्यांची एक बरणी आली आणि रात्रभर ओट्यावर राहिली. इथे आमचं चुकलं. सकाळी उठून मी पट्टेरी माशांना खाणं घातलं आणि हात गेला तसा त्यातलंच चिमूटभर बरणीतही सोडलं. घरात जीव आहे, तो उपाशी कसा राहील?

हे जाळी घेऊन आले तेव्हा सासूबाई बरणीपुढे उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या जिवांनी आपल्या घरचं अन्न खाल्लं, आता त्यांना कुणाच्या तोंडी द्यायचं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहिलं. एक कोळंबी दोन्ही हातांत कण धरून माणसासारखी खात होती. यांनी जाळी खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एक तोंड भरायला निघालो आणि डझनभर वाढवून बसलो, म्हणाले.

पण पाचोळा उपाशीच होता. दुपारी उठताना मी भिंतीला हात टेकला आणि ते नेमकं यांनी पाहिलं. त्यांनी लगेच फोन करून दुकानदाराला संध्याकाळी बादली घेऊन यायला सांगितलं. मग मला म्हणाले, "मासे काय, पुष्कळ मिळतील." एवढं बोलून मशीनवर बसले, पण मशीनचा आवाज काही आला नाही.

मला नेम मोडवत नव्हता आणि यांचं ते गप्प बसणंही बघवत नव्हतं. जपाची वेळ झाली होती. एरवी मी आत बसते. त्या दिवशी माळ घेऊन पाचोळ्यापाशीच बसले, म्हटलं, जायच्या आधी त्याच्याही कानावर नाम पडू दे. माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही.

अर्धी माळ झाली असेल. मला वाटलं पाचोळा माझ्याकडे बघतोय. मग कळलं, माझ्याकडे नव्हे, मण्यांकडे. एक मणी खाली सरकला की त्याचा डोळा खाली. पुढचा मणी आला की डोळा वर. थोड्या वेळाने तो पुढच्या परांवर एकेक पाऊल टाकत काचेशी आला.

मला बोलायचं नव्हतं. मी यांना डोळ्यांनी खुणावलं, मानेनं काडी दाखवली, भुवया उडवल्या. हे धावतच आले, मला घेरी आली असं समजून साखरपाणी घेऊन. मी मान हलवली तर त्यांनी आणखी एक चमचा साखर घातली. मला धरून उठवू लागले. शेवटी सासूबाईंनाच काय ते उमगलं.

"बाजूला हो रे," त्या म्हणाल्या. "तिला काही झालेलं नाही. तिला काडी हवीय."

त्यांनीच फ्रीजमधल्या कोळंबीचा तुकडा टोचून काडी माझ्या डाव्या हातात दिली. उजव्या हातात माळ. मणी सरकला की काडी इवलीशी सरकायची. एक नाम, एक सरक. पाचोळा थांबला. मान तिरकी केल्यासारखा झाला. आणि जांभई द्यावी तसं तोंड उघडून त्याने तुकडा आत ओढला. काडीचं टोक रिकामं.

यांनी हातातलं साखरपाणी स्वतःच पिऊन टाकलं.

माळ पुरी केली, मग जेवले. ताट यांनी वाढलं. दुकानदार बादली घेऊन आला तेव्हा यांनी त्याला ओढत टँकपाशी नेलं आणि दुसरा तुकडा स्वतः देऊ पाहिला. काडी पुन्हा थडथडली, पाचोळा पुन्हा दगडामागे. यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तू हात इतका सावकाश चालवतेस तरी कसा?

सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "नाम घे. हात आपोआप सावकाश होईल."

इतक्या वर्षांत यांनी कधी देवापुढे दोन मिनिटं मांडी घातली नव्हती. आता रोज सकाळी एका हातात काडी, दुसऱ्या हातात माझी जुनी माळ घेऊन पाचोळ्यासमोर बसतात. सगळ्यांना सांगतात, की हे माशासाठी आहे, गैरसमज नको.

परवा हे बसताक्षणीच पाचोळ्याने तुकडा पटकावला. चहा गार होत होता, मी हाक मारली. यांनी ओठ हलवत, मान न वळवता, हातानेच थांब म्हटलं. पुरी माळ झाल्यावर उठून आले.

"खाल्लं ना त्याने मघाशीच?" मी विचारलं.

"खाल्लं," हे म्हणाले. "पण माळ अर्धवट कशी टाकायची?"

मी दुसरा चहा टाकला.