फरक न जाणवणारे थेंब

शिवणकाम करणाऱ्या मावशी भडकल्या की समोरच्याची धडगत नसे. त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी नुकतीच पुन्हा मिळालेली थेंबांची बाटली औषधांच्या खिडकीवर आपटलीच.

"हे घ्या तुमचं पाणी! दोन महिने इमानेइतबारे घातलं, काडीचा फरक नाही. वर्ष होत आलं सोडून!"

खिडकीतल्या औषधवाल्या बाईंचा चेहराच उतरला. मावशींना काचबिंदू होता, आणि आजच्या तपासणीत डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली निघाली होती. शिवणयंत्रावर पोट असलेल्या बाईचं डोळ्यांवाचून कसं व्हायचं?

आता ही आपल्याला फैलावर घेणार, म्हणून मावशी पदर खोचूनच उभ्या होत्या. पण बाई स्टूल घेऊन बाहेर आल्या, मावशींना बसवलं आणि थेंबांसोबत देतात तो माहितीचा कागद त्यांच्या हातात ठेवला.

"हा वाचून तुम्हाला काय वाटलं होतं, मावशी?"

"डोळ्यातला दाब आटोक्यात राहतो म्हणे. मला वाटलं, सुईत दोरा चटकन ओवता येईल."

"मग चूक तुमची नाही. कागद मी लिहिलाय."

इतक्या सरळपणे चूक पदरात घेणारं माणूस मावशींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रागाला धरायला काही उरलंच नाही. बाईंनी तिथेच पेन काढलं. एक ओळ लिहायची, मावशींना वाचायला लावायची, कपाळाला आठी पडली की खोडायची. रांग खोळंबली, पण बाई काही हलल्या नाहीत. शेवटी कागदावर राहिलं ते असं: "या थेंबांनी नजर सुधारणार नाही. आहे ती टिकावी म्हणून हे थेंब. काही फरक जाणवला नाही तरी रोज घाला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

"अगं बाई! म्हणजे कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कडेला टीप मारतो, तसं? टीप मारून कापड थोडंच वाढतं!"

"अगदी तसंच."

किती साधं लिहिलंय पोरीनं, मावशींना कौतुक वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि जी गेली, ती?"

"ती नाही येणार, मावशी."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मग तेही लिही."

"लोक घाबरतील."

"घाबरू देत. मला वर्षभरापूर्वी कुणी घाबरवलं असतं तर..." त्यांनी बाटली उचलून पिशवीत टाकली. "सगळ्यात वर लिही. मोठ्या अक्षरात."